न्यायालय सुधारणेच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात रुजू होतेय, नेमकं काय मोजू?

अनघा_संख्या

नमस्कार मंडळी,

मी संख्याशास्त्राची. आजवरचं सगळं काम रुग्णालयांच्या आकड्यांवर झालं: बाह्यरुग्ण विभागात माणूस किती वेळ ताटकळतो, शस्त्रक्रिया कशामुळे पुढे ढकलली जाते, अशा गोष्टी मोजायच्या. पुढच्या महिन्यात मात्र एका वेगळ्याच कामावर रुजू होतेय. तीन देशांची न्यायखाती आणि एक आंतरराष्ट्रीय निधी मिळून हा प्रकल्प चालवतात. यजमान देशातल्या चार दिवाणी न्यायालयांत खटले लवकर निकाली निघावेत आणि ज्याला वकील परवडत नाही त्यालाही दाद मागता यावी, असे दोन हेतू कागदावर आहेत. माझ्याकडे आकडे गोळा करून अहवाल देण्याचं काम आहे.

न्यायालयाशी माझा संबंध एकदाच आला. वडिलांना साक्षीला बोलावलं होतं, मी सोबत गेले. सकाळी साडेदहाला आत गेलो आणि चार वाजता पुढची तारीख घेऊन बाहेर पडलो. काय सांगायचं ते वडिलांनी आदल्या रात्री एका कागदावर लिहून पाठ केलं होतं. तो कागद त्यांनी घडी घालून परत खिशात ठेवला. पुढच्या तारखेला ते आजारी होते. त्यांची साक्ष झालीच नाही. हे काम मी घेतलं ते त्या कागदामुळे.

प्रकल्पाचा आराखडा दोनदा वाचला. सर्व्हर, स्कॅनर, प्रशिक्षण, अभ्यासदौरे, सगळं तपशीलवार दिलंय. पक्षकार मात्र त्यात शोधावा लागतो. म्हणून इथे विचारते. बाहेरच्या देशांच्या मदतीने न्यायालयाचं काम खरोखर सुधारलं आणि ते बाकावर बसलेल्या माणसापर्यंत पोचलं, असं कोणी जवळून पाहिलंय का? आणि मी मोजायचं काय?


रोजनामा

अनघा, मी वयाने बरीच मोठी असेन, तेव्हा 'तू' म्हणते. बावीस वर्षं न्यायालयाच्या कचेरीत काढली. आवक-जावकला लागले आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. नंतरची सहा वर्षं तुझ्यासारख्याच प्रकल्पांत, दोन परक्या देशांत गेली. देशांची नावं घेत नाही. तिथल्या लोकांनी आपलं दफ्तर माझ्यापुढे उघडं केलं होतं, त्या विश्वासाला मला धक्का लावायचा नाही.

पहिल्या प्रकल्पात आम्ही स्कॅनर घेऊन गेलो. आठ महिने जुन्या फायली स्कॅन केल्या. काम चोख झालं, पण तारखा पडायच्या तशाच पडत राहिल्या. असं का, हे कोडं मला एका संध्याकाळी सुटलं. सगळे घरी गेल्यावर दफ्तरखान्यातली एक फाईल घेऊन बसले होते. दोन भावांमधला भिंतीचा वाद, अगदी साधा. रोजनामा, म्हणजे खटल्याच्या तारीखवार नोंदी, पहिल्या पानापासून वाचायला घेतला. एकूण 37 तारखा होत्या. वहीत रकाने पाडले आणि प्रत्येक तारखेला काय झालं ते उतरवत गेले. समन्स बजावणी न होता परत. पुन्हा परत, पत्ता अपुरा. वादीचे वकील गैरहजर. न्यायाधीशांची बदली. कागद दाखल करायला मुदतवाढ. साक्षीदार हजर, पण वेळेअभावी तहकूब. पुन्हा वेळेअभावी तहकूब. 37 पैकी फक्त 9 तारखांना खटला एक पाऊल तरी पुढे गेला होता. उरलेल्या 28 वेळा माणसं कामधंदा सोडून आली, बसली आणि परत गेली. ही फाईल आम्ही तीन आठवड्यांपूर्वीच स्कॅन केली होती. हे सगळं आमच्या हातांखालून गेलं होतं आणि आम्ही कोणी ते वाचलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझं एकच मागणं असतं: हेलपाटे मोजा. एका निकालासाठी एका माणसाला किती वेळा यावं लागलं आणि त्यातले किती वेळा येणं फुकट गेलं, ते मोजा.

तुला तिथे दोन आकडे शिकवतील, तेही उपयोगाचे आहेत, नीट समजून घे. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला 'युरोप परिषद' म्हणून 46 देशांची संघटना आहे. (युरोपीय संघ वेगळा, ही वेगळी. नवीन माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो.) तिने 2002 साली न्यायदानाच्या कार्यक्षमतेसाठी एक आयोग नेमला, सेपेज या नावाने तो ओळखला जातो. दर दोन वर्षांनी तो सदस्य देशांच्या न्यायालयांची आकडेवारी एकाच साच्यात बसवून मांडतो. त्याचं पहिलं माप असं: वर्षात दाखल झालेल्या खटल्यांच्या मानाने निकाली किती निघाले. 1000 दाखल, 800 निकाली, म्हणजे 80 टक्के. शंभराच्या खाली असलं की ढीग वाढतोय. दुसरं माप असं: वर्षअखेरीस प्रलंबित खटले भागिले वर्षात निकाली निघालेले, गुणिले 365. 1200 प्रलंबित आणि 800 निकाली असतील तर साधारण 548 दिवस. म्हणजे याच वेगाने गेलो तर आजचा ढीग उपसायला लागणारा वेळ. हा काही एखाद्या खऱ्या खटल्याला लागलेला काळ नव्हे. अहवालात कोणी तसं लिहायला लागलं तर अडव.

अशा सामाईक मापाचा मोठा गुण म्हणजे भांडण मिटतं. 'आमच्याकडचे खटलेच अवघड असतात' असं प्रत्येक न्यायालय सांगतं, मीही बावीस वर्षं सांगत होते. शेजारच्या देशातल्या तेवढ्याच न्यायाधीशांच्या, तशाच खटल्यांच्या न्यायालयाचा आकडा निम्मा आहे हे समोर आलं की मग खुर्ची पुढे ओढून 'ते काय करतात?' असा प्रश्न येतो. सहकार्य खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतं असं मला वाटतं.

आता दुसऱ्या प्रकल्पातली गोष्ट सांगते. 'पाहिलंय का' असं तू विचारलंस, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्या देशातून एक प्रबंधक तीन आठवड्यांसाठी आले होते. न्यायाधीश नव्हेत, वकीलही नव्हेत, आमच्यासारखेच कचेरीतले. त्यांना भाषा येत नव्हती, दुभाषी सोबत असायची. पहिले चार दिवस ते शिरस्तेदाराच्या, म्हणजे न्यायालयातल्या मुख्य कारकुनाच्या, शेजारी स्टुलावर नुसते बसून होते. पाचव्या दिवशी त्यांनी त्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे प्रकरणांची यादी, मागितला. 64 प्रकरणं, सगळ्यांना साडेदहाची वेळ. 'यातली आज किती चालली?' शिरस्तेदाराने मोजून सांगितलं, 11. 'आणि किती चालतील हे सकाळी माहीत होतं?' शिरस्तेदार म्हणाला, 'दहा-बारा, रोज तेवढीच चालतात.' पाहुण्यांनी खिशातून पेन्सिल काढून बोर्डाच्या कागदावर दोन आडव्या रेघा मारल्या. वरच्या भागापुढे साडेदहा, मधल्या भागापुढे बारा, खालच्या भागापुढे अडीच असं लिहिलं. बोलले काहीच नाहीत. पेन्सिल शिरस्तेदाराच्या हातात दिली.

मग दोन महिने त्या पेन्सिलीवर चर्चा झाली. वकिलांची नाराजी होती, एका वेळेला त्यांना दोन दालनांत उभं राहावं लागेल म्हणून, आणि ती रास्त होती. न्यायाधीशांना भीती होती की अडीचच्या प्रकरणातले लोक आलेच नाहीत तर दालन रिकामं पडेल. शेवटी ठरलं की साक्षीपुराव्याची प्रकरणं वेळेनुसार घ्यायची, नुसत्या हजेरीची सकाळी एकत्र उरकायची, आणि बोर्डावर तेवढीच लावायची जेवढी खरोखर चालू शकतील. यातल्या कशालाही पैसा लागला नाही. अडीचच्या साक्षीसाठी आलेली एक बाई दोनला आली, पावणेचारला साक्ष संपवून निघाली. जाताना शिरस्तेदाराला विचारत होती, 'आता परत कधी येऊ?' तो म्हणाला, 'आता यायचं नाही.' तिला ते पटेना. दारापर्यंत जाऊन पुन्हा विचारायला आली.

पुढे त्या न्यायाधीशांची बदली झाली आणि पद्धत बंद पडली. आठ महिन्यांनी पुन्हा सुरू झाली, यावेळी प्रमुख न्यायाधीशांच्या लेखी परिपत्रकाने. तेव्हा अनघा, एखादी चांगली गोष्ट दिसली तर ती माणसावर अवलंबून ठेवू नकोस, कागदावर आणायला लाव.


उलटतपासणी

ताईंचा अनुभव मोलाचा आहे, पण मला दोन गोष्टी टोचतात त्या मांडतो. मी वकील, बहुतेक कुळकायदा, भाडं आणि मजुरीची प्रकरणं चालवतो.

आकड्यांची स्पर्धा लागली की काय होतं हे जगाने एकदा पाहिलंय. जागतिक बँक कितीतरी वर्षं देशांची क्रमवारी काढायची, त्यात कराराची अंमलबजावणी न्यायालयातून करून घ्यायला किती दिवस लागतात हाही एक निकष होता. आकडेवारीत फेरफार झाल्याचं उघड झाल्यावर 2021 मध्ये ती क्रमवारीच बंद करावी लागली. मधल्या काळात कित्येक सरकारांनी त्या एका आकड्यासाठी व्यापारी वादांना वेगळी दालनं काढली. ती काढू नयेत असं नाही. पण त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर मजुरीचे दावे तसेच पडून राहिले, आणि क्रमवारीत त्यांची कुठे नोंद नव्हती.

दुसरी गोष्ट 'निकाली' या शब्दाची. माझा पक्षकार बांधकामावर जातो. तारखेला आला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. पाच-सहा वेळा येतो, सातव्या वेळी येत नाही, आणि दावा गैरहजेरीत काढून टाकला जातो. नोंदवहीत तो निकाली. तुमच्या सूत्रात तो भाजकात जातो आणि आकडा सुधारतो! न्यायालय 'कार्यक्षम' झालं, आणि माणूस हातातला दावा गमावून बसला. अनघा, गैरहजेरीत काढलेली प्रकरणं तुम्ही वेगळी मोजणार नसाल तर हा प्रकल्प माझ्या पक्षकाराच्या विरोधात जाईल, हे मी स्पष्ट सांगतो.

आणि न्यायालयात पोचतच नाहीत त्यांचं काय? 2019 मध्ये न्यायाविषयीच्या एका आंतरराष्ट्रीय कृतिगटाने अंदाज मांडला होता की जगात 5.1 अब्ज माणसांना न्याय मिळण्यात काही ना काही तूट आहे, आणि त्यातल्या 1.5 अब्ज लोकांपुढे असा वाद आहे जो त्यांना सोडवून घेता आलेला नाही. यातले बहुतेक कोणत्याही बोर्डावर नाहीत. साडेदहा, बारा, अडीच या वेळा त्यांच्यासाठी नाहीत. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली तेव्हा सगळ्यांना न्यायाची समान संधी हे 16.3 क्रमांकाचं लक्ष्य त्यात घातलं. ते फक्त दाखल झालेल्या खटल्यांपुरतं नाही.


रोजनामा

उलटतपासणी, तुमचा गैरहजेरीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझ्या वहीत तो रकाना नव्हता, असायला हवा होता. कचेरीत बसून तो दिसत नाही, कारण जो येत नाही त्याची तक्रार करायला कोणी येत नाही.

आकडा सजवायचा आणखी एक मार्ग म्हणजे सोपे खटले आधी उरकणं. त्यावर एक उपाय मात्र झालेला आहे. इटलीतल्या तोरिनो शहराच्या न्यायालयाचा. इटलीला दिरंगाईसाठी स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात पुन्हा पुन्हा दोषी ठरवलं जात होतं. युरोपीय मानवी हक्क करारातलं सहावं कलम सांगतं की खटला वाजवी मुदतीत चालला पाहिजे. 2001 मध्ये तोरिनोच्या न्यायालयाचे अध्यक्ष मारिओ बार्बुतो यांनी आपल्या न्यायाधीशांपुढे एक कार्यक्रम ठेवला आणि त्याला नावच दिलं 'स्ट्रासबुर्ग'. त्यातलं मला सगळ्यात भावलेलं काम म्हणजे फायलींना 'नंबरप्लेट' लावणं. प्रत्येक फायलीवर ती कोणत्या साली दाखल झाली ते ठळक दिसेल अशी खूण करायची आणि जुनी आधी घ्यायची. कपाट उघडलं की कोणती फाईल किती वर्षं थांबलीय ते समोर. आमच्याकडे जुनी फाईल खाली खाली जाते. नवी वर ठेवतात, साधं कपाटाचं कारण आहे, कोणाचा दुष्टपणा नव्हे. तिथे त्यांनी कपाटच उलटं वाचायला लावलं. 2006 मध्ये त्या कामाचा युरोपातल्या न्यायालयांच्या स्पर्धेत विशेष उल्लेख झाला. त्यावरून शिकायचं ते हे की प्रलंबित खटले वयोगटाप्रमाणे मोजावेत. एक वर्षाखालचे किती, एक ते तीन किती, तीनच्या वरचे किती. अनघा, सरासरी घेऊ नकोस, वयोगट घे. रुग्णालयात तूही हेच करत असशील.

इटलीतलंच आणखी एक सांगते. मिलानच्या कामगार न्यायालयातल्या न्यायाधीशांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. सारखंच काम वाटून दिलेलं असताना जे न्यायाधीश एका वेळी कमी खटले उघडे ठेवायचे, त्यांचे खटले लवकर संपायचे. सगळे थोडे थोडे चालवले की सगळेच रेंगाळतात. स्वयंपाकघरातल्या कोणालाही हे माहीत असतं, पण न्यायालयात 'सगळ्यांना तारीख दिली' हे न्याय्य वाटतं.

बाहेरून दबाव आल्यावर देश हलतो याचं स्लोव्हेनिया हेही उदाहरण आहे. एका जखमी खाण कामगाराचा विमा कंपनीविरुद्धचा दावा वर्षानुवर्षं रेंगाळला. 2005 मध्ये स्ट्रासबुर्गने निकाल दिला की हा दोष या एका खटल्याचा नाही, व्यवस्थेचा आहे, आणि देशाने तो दुरुस्त करावा. त्याच वर्षाअखेरीस सरकारने थकीत खटले कमी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. एका कामगाराच्या चिकाटीने एवढं झालं. त्याने दावा सोडला असता तर तो तुमच्या पक्षकारासारखाच 'निकाली' झाला असता.


दुभाषी

इतके दिवस नुसती वाचक होते. 'दुभाषी सोबत असायची' हे वाक्य वाचून लिहायला बसले. मी न्यायालयीन कागदांचं भाषांतर करते. दोन देशांमध्ये अडकलेल्या खटल्यांचे कागद माझ्याकडे येतात: पोटगी, मुलांचा ताबा, वारसा, बुडालेलं वेतन.

अनघा, तुझ्या चार न्यायालयांत असे खटले असतीलच. त्यांना वेगळा रकाना दे, नाहीतर ते तुझा सगळा हिशेब बिघडवतील. प्रतिवादी दुसऱ्या देशात असला की समन्स पोस्टात टाकलं आणि झालं, असं नसतं. पूर्वी ते वकिलातीमार्फत, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात असं फिरायचं. 1965 च्या हेग करारामुळे प्रत्येक सदस्य देशाने एक केंद्रीय प्राधिकरण नेमलं. ठरावीक नमुन्यात विनंती पाठवायची, त्यांनी बजावणी करायची आणि बजावणीचा दाखला परत धाडायचा. ऐकायला सरळ आहे. अडतं कुठे, तर भाषेत. बजावणी करणारा देश भाषांतर मागू शकतो, आणि ते जोडलेलं नसेल तर पाकीट परत. माझ्याकडे येणाऱ्या कागदांपैकी कितीतरी कागद असे एकदा जाऊन परत आलेले असतात. वरचा शिक्का बघूनच कळतं.

एका कागदाविषयी सांगायलाच हवं. पोटगीचा दावा होता, आई एका देशात, वडील दुसऱ्या. तिला आलेल्या पत्राचं भाषांतर आधी कोणीतरी केलेलं होतं. मूळ शब्दाचा अर्थ 'तहकूब' होता, भाषांतरात लिहिलं होतं 'फेटाळला'. त्या बाईने एक वर्ष काहीच केलं नाही. तिला वाटलं, संपलं. मुलगा सहाचा सात वर्षांचा झाला. मी मूळ कागद वाचून तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा 'मग माझं चुकलं का?' असं म्हणाली. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

करार चांगले आहेत, हे मी मनापासून सांगते. 1961 चा अपोस्टिल करार (एका देशाचा कागद दुसऱ्या देशात एकाच दाखल्यावर ग्राह्य धरण्याचा) झाला नसता तर जन्मदाखल्यावर एकामागून एक पाच-पाच शिक्के घेत फिरावं लागलं असतं. 1980 चा हेगचाच एक करार आहे, नावातच 'न्यायाची उपलब्धता' असलेला. सदस्य देशातल्या माणसाने दुसऱ्या सदस्य देशात दावा लावला तर तो परका आहे एवढ्याच कारणाने त्याच्याकडून खर्चाची अनामत मागता येत नाही, आणि कायदेविषयक मदत तिथल्या नागरिकासारखीच मिळते. 2007 च्या पोटगी करारात तर 21 वर्षांखालच्या मुलाच्या पोटगीसाठी मोफत कायदेविषयक मदतीची तरतूद आहे. पण सगळेच देश सगळ्या करारांत नाहीत, आणि जे आहेत तिथल्या तालुक्याच्या न्यायालयातल्या लिपिकाला हे ठाऊक असतंच असं नाही. तू प्रशिक्षणाच्या पैशातून काही मागणार असशील तर हे माग: विनंतीचा नमुना कसा भरायचा ते त्यांच्याच भाषेत, एका पानावर.

भाषेचं काम नीट झालं की काय होतं त्याचं उदाहरण कंबोडियाचं. ख्मेर रूजच्या राजवटीनंतर तिथे कायद्याची शिकलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. 1999 पासून जपानी विद्वान आणि कंबोडियाचे लोक एकत्र बसून दिवाणी कायदे लिहू लागले. ख्मेर भाषेत कोणत्या संकल्पनेला कोणता शब्द घ्यायचा यावरच त्यांचे महिनेच्या महिने गेले. दिवाणी प्रक्रिया संहिता 2006 ला आली, दिवाणी संहिता 2007 ला, आणि ती प्रत्यक्ष लागू झाली 2011 च्या शेवटी. तयार कायदा भाषांतर करून सहा महिन्यांत देता आला असता. त्यांनी तसं केलं नाही, म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.


पायवाट

उलटतपासणी यांनी न्यायालयात न पोचणाऱ्यांचं विचारलं. मी तुरुंगांत कायदेविषयक मदतीचं काम करतो, त्यामुळे थोडं लिहितो. दिवाणीचं मला कळत नाही.

मलावीत 2000 साली मोठ्या चार तुरुंगांत एक प्रयोग सुरू झाला. एक आंतरराष्ट्रीय संस्था आणि तिथल्या स्थानिक संस्था मिळून. वकील अगदी थोडे होते, म्हणून त्यांनी विधी-सहायक तयार केले, पदवी नसलेले पण फौजदारी प्रक्रिया पक्की येणारे. ते न्यायालयात बाजू मांडत नाहीत. बराकीत कैद्यांना जमवून नाटक बसवतात: एक न्यायाधीश होतो, एक आरोपी, आणि जामीन कसा मागायचा ते कैदी करून बघतात. तारीख उलटून गेलेल्यांच्या याद्या ते करतात, आणि मग दंडाधिकारीच तुरुंगात येऊन त्या याद्या तपासतात. मलावीवरून ही पद्धत आफ्रिकेतल्या दुसऱ्या देशांत गेली, बांगलादेशातही गेली. 2004 मध्ये मलावीच्याच राजधानीत, लिलाँग्वेत, आफ्रिकेतल्या फौजदारी खटल्यांतल्या कायदेविषयक मदतीबद्दल एका परिषदेत जाहीरनामा झाला. वकिलांखेरीज इतरांनीही ही मदत द्यावी, असं त्यात मान्य झालं. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने याच विषयावर तत्त्वं स्वीकारली.

आमच्याकडे आम्ही ते नाटक करतो. गेल्या वेळी न्यायाधीशाच्या भूमिकेतल्या कैद्याने आरोपीला विचारलं, 'तुझा जामीनदार कोण?' आरोपी झालेला मुलगा, एकोणीस-वीसचा असेल, नाटक विसरून म्हणाला, 'माझ्या मामाला कोणी कळवलंच नाही.' खेळ तिथेच थांबवला आणि मामाचा पत्ता लिहून घेतला.


अनघा_संख्या

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस हे पुन्हा पुन्हा वाचतेय.

आराखड्यातल्या निर्देशकांच्या यादीला आज मी चार बदल सुचवून पाठवले. सरासरीऐवजी प्रलंबित खटल्यांचे वयोगट. गैरहजेरीत काढलेली प्रकरणं निकाली संख्येतून वेगळी, आणि त्यांतल्या काही पक्षकारांना शोधून कारण विचारायचं. परदेशी बजावणी असलेले खटले स्वतंत्र. आणि हेलपाटे, प्रत्येक न्यायालयातल्या 100 निकाली फायलींच्या रोजनाम्यावरून. उत्तर आलं की पहिले तीन ठीक, चौथ्याला 'फार वेळ लागेल'. मी कळवलं की तो वेळ माझा लागेल, मी स्वतः वाचेन.

तुरुंगाचं काम आमच्या प्रकल्पात बसत नाही, पायवाट. पण मामाचा पत्ता डोक्यातून जात नाहीये.

रोजनामा ताई, एक विचारू? त्या देशाची लिपी मला येत नाही. दुभाषी शेजारी बसवून रोजनामा वाचायचा तर कुठून सुरू करू?


रोजनामा

शिरस्तेदारापासून सुरू कर. फाईल नंतर.

पहिल्या आठवड्यात रकाने पाडूच नकोस. स्टूल घे, दालनात मागे नको, त्याच्या शेजारी बस. पुकारा झाला की कोण उठतं, कोण उठत नाही ते बघ. दुपारी चहाच्या वेळी त्यालाच विचार की सगळ्यात जास्त वेळा तारीख कशामुळे पडते. तो जी कारणं सांगेल, त्याच्या शब्दांत, तीच तुझ्या रकान्यांची डोकी. आपण ठरवलेली डोकी त्यांच्या रोजनाम्यावर बसत नाहीत, मी करून पाहिलंय. मग दहा फायली त्याच्यासोबत वाच. नव्वद त्यानंतर दुभाषीला घेऊन वाचता येतील.

दहातल्या दोन-तीन फायली गैरहजेरीत काढलेल्या घे. शेवटचं पान आधी उघड, पण पक्षकाराचा पत्ता तिथे नसतो, तो दाव्याच्या पहिल्या पानावर असतो. तो लगेच उतरवून घे. फाईल एकदा दफ्तरखान्यात परत गेली की पुन्हा मिळायला अर्ज करावा लागतो.

आणि वही जाड पुठ्ठ्याची घे. स्टुलावर बसून मांडीवर लिहावं लागतं.